हॉस्टेलवर राहून मीठ कमी कसे करावे

घर सोडून विद्यापीठात आले की काय खायचे, कधी खायचे, किती खायचे हे पहिल्यांदाच आपले आपण ठरवावे लागते. ठरवताना खिसा पाहिला जातो, घड्याळ पाहिले जाते, चव पाहिली जाते. मिठाचा विचार मात्र कोणी करत नाही. ते म्हाताऱ्या माणसांचे पथ्य, असा समज असतो. माझ्या मते मिठाकडे लक्ष द्यायला विशी हेच योग्य वय आहे. रक्तदाब एका रात्रीत वाढत नाही. तो वर्षानुवर्षे थोडा थोडा चढतो आणि चढताना बहुधा काहीच दुखत नाही. शिवाय या वयात जिभेला लागलेल्या सवयी पुढे नोकरीत आणि संसारातही सोबत येतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरायलाही थोडे कमीच पडेल इतके. जगभरची सरासरी मात्र त्याच्या दुपटीहून जास्त, पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास आहे. या ५ ग्रॅममध्ये सगळे आले: शिजवताना घातलेले, ताटात वरून घेतलेले आणि पाकिटातून, बाटलीतून, ब्रेडमधून नकळत पोटात गेलेले. पाकिटबंद आणि बाहेरच्या खाण्यावर दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा तिसरा वाटा सगळ्यात मोठा असतो. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकांच्या खाण्यातले सुमारे ७० टक्के सोडियम कारखान्यात किंवा उपाहारगृहात घातलेले निघाले. ताटात वरून घेतलेले मीठ जेमतेम ५ टक्के होते. सगळ्याच देशांत हे प्रमाण असे नसते. जिथे बहुतेक जेवण घरीच शिजते तिथे स्वयंपाकातल्या मिठाचा वाटा मोठा असतो. म्हणून कुणाचा सल्ला जसाच्या तसा उचलण्याआधी आपले मीठ कुठून येते ते शोधायचे.

मीठ शरीरात काय करते

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या वजनात साधारण ४० टक्के सोडियम असते. शरीराला सोडियम लागतेच, नसा आणि स्नायू त्याच्यावाचून चालत नाहीत. पण लागते ते फार थोडे. जास्तीचे सोडियम रक्तात आले की त्याच्याबरोबर पाणी धरून ठेवले जाते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा दाब वाढतो. मूत्रपिंडे हे जास्तीचे सोडियम बाहेर टाकत राहतात. रोजच हा भार पडला की पुढे हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे या तिघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

‘माझा रक्तदाब ठीक आहे, मग मला काय?’ असे कोणी विचारले तर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश-सोडियम’ या अमेरिकी प्रयोगाकडे बोट दाखवावे. त्यात ४१२ माणसांना सोडियमच्या तीन वेगवेगळ्या पातळ्यांचे जेवण प्रत्येकी महिनाभर दिले होते. सोडियम जसजसे कमी केले तसतसा रक्तदाब उतरला आणि तो उच्च रक्तदाब नसलेल्यांमध्येही उतरला.

पहिली पायरी: चार दिवस नुसते पाहा

पहिल्याच दिवशी मीठ कमी करायला घेऊ नका. चार दिवस नेहमीसारखेच खा आणि लिहून ठेवा. त्यात एक सुट्टीचा दिवस असू द्या आणि जमले तर एक जागरणाचा, कारण परीक्षेच्या आदल्या रात्रीचे खाणे आणि एरवीचे खाणे यात पुष्कळ फरक असतो. प्रत्येक खाण्यापुढे एकच गोष्ट नोंदवा: यातले मीठ मी घातले, की आधीच घातलेले होते?

खाल्ले की लगेच लिहा. रात्री आठवून लिहिले की मधल्या वेळी तोंडात टाकलेल्या गोष्टी हमखास सुटतात, आणि खारट असतात त्या नेमक्या त्याच. (संशोधकही लोकांच्या आठवणीवर फारसा भरवसा ठेवत नाहीत. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून ते २४ तासांची लघवी गोळा करून सोडियम मोजतात. तुम्हाला तेवढे करायची गरज नाही, वही पुरे.)

चार दिवसांनी वही वाचली की बहुतेकांना दोन-तीन पदार्थ पुन्हा पुन्हा दिसतात. कुणाचे इन्स्टंट नूडल्स, कुणाचे चिप्स, कुणाचे चीज घातलेले सँडविच, कुणाचा प्रत्येक गोष्टीवर ओतलेला सॉस. पुढची सगळी मेहनत या दोन-तीन पदार्थांवरच करायची आहे.

दुसरी पायरी: पाकीट वाचायला शिका

या पायरीवर थोडा वेळ घालवा. हे कसब एकदा आले की जन्मभर उपयोगी पडते.

पाकिटाच्या मागे पोषणाचा तक्ता असतो. काही देशांत त्यात ‘मीठ’ ग्रॅममध्ये लिहितात, काही देशांत ‘सोडियम’ मिलिग्रॅममध्ये. सोडियम लिहिले असेल तर त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते मिळेल. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १००० मिलिग्रॅम, अर्थात १ ग्रॅम मीठ. दिवसाची ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सोडियममध्ये सांगायची तर २००० मिलिग्रॅम होते. हा एक आकडा डोक्यात पक्का बसवा, बाकीचे हिशेब त्याच्याशी ताडून पाहता येतात.

दुसरी गोष्ट, आकडा कशाचा आहे ते पाहा. १०० ग्रॅमचा, की ‘एका सर्व्हिंग’चा? फसगत होते ती इथे. समजा, एका नूडल्सच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १५०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे. तुम्ही पूर्ण पाकीट खाल्लेत तर १०५० मिलिग्रॅम सोडियम पोटात गेले, म्हणजे दिवसाच्या मर्यादेतले अर्ध्याहून जास्त, तेही एका मधल्या वेळच्या खाण्यात. चिप्सच्या मोठ्या पुड्यावर ‘एक सर्व्हिंग ३० ग्रॅम’ असे बारीक अक्षरात असते. अभ्यास करता करता पुडा संपतो तेव्हा तुम्ही पाच-सहा सर्व्हिंग खाल्लेल्या असतात.

दोन पाकिटांमधले कोणते घ्यावे हे ठरवताना नेहमी १०० ग्रॅमचा आकडा धरा, म्हणजे तुलना सरळ होते. ब्रिटनमध्ये पाकिटांवर लाल, पिवळा, हिरवा असे रंग देतात, त्यामागचा नियम सोपा आहे: १०० ग्रॅममागे १.५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असेल तर लाल, ०.३ ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर हिरवा. सोडियममध्ये हेच आकडे साधारण ६०० आणि १२० मिलिग्रॅम होतात. तुम्ही कुठेही राहत असलात तरी हे दोन आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दुकानात पाकीट हातात घेतले की सहाशेच्या वर आहे की एकशेवीसच्या खाली, एवढे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

मग घटकांची यादी वाचा. त्यात जो पदार्थ जास्त तो आधी लिहिलेला असतो, म्हणून मीठ वरच्या तीन-चार नावांत असेल तर काय ते समजा. मिठाखेरीज सोडियम आणखी वेशांत येते: खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट किंवा सोडियम नायट्राइट, चवीसाठी मोनोसोडियम ग्लुटामेट. या शेवटच्या पदार्थाची अनेकांना उगाच धास्ती असते. वजनास वजन धरले तर त्यात मिठाच्या साधारण एक तृतीयांश सोडियम असते. त्याच पाकिटात त्याच्या शेजारी असलेल्या मिठाची काळजी आधी करावी.

आणि फक्त जिभेवर विसंबू नका. ब्रेड खारट लागत नाही, तरी एका स्लाइसमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम सोडियम सहज असते. ज्याचे दोन वेळचे पोट ब्रेडवर भरते त्याच्या हिशेबात ही मोठी रक्कम आहे. न्याहारीची काही सीरिअल्स आणि बिस्किटे गोड असूनही त्यांत बऱ्यापैकी सोडियम निघते. पाण्यात विरघळवून घ्यायच्या फसफसणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. डोकेदुखीवर घेतात त्या विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते. परीक्षेच्या दिवसांत डोके दुखते म्हणून रोज दोन-तीन अशा गोळ्या घेणाऱ्यांनी औषधाच्या दुकानात साधी गोळी मागावी.

तिसरी पायरी: सगळ्यात मोठा एक पदार्थ पकडा

वहीतला सगळ्यात खारट आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला एकच पदार्थ निवडा. पाच गोष्टी एकदम बदलायला घेतल्या की आठवड्याभरात पाचही सुटतात.

तो पदार्थ इन्स्टंट नूडल्स असेल, आणि हॉस्टेलवर बहुधा तोच असतो, तर त्यातले बरेचसे मीठ मसाल्याच्या पुडीत आहे हे लक्षात घ्या. पहिला आठवडा पुडीतला पाव भाग बाजूला ठेवा, पुढचे दोन आठवडे अर्धा. नूडल्समध्येही मीठ असते, म्हणून त्या वेगळ्या उकळून पाणी ओतून टाका आणि मसाला नव्या गरम पाण्यात घाला. त्यात मूठभर भाजी आणि एक अंडे पडले तर वाडगा भरतो, पोट भरते आणि तेवढाच मसाला जास्त अन्नात वाटला जातो. शेवटी उरलेले खारट सूप पिऊ नका. माझा अनुभव असा की अर्ध्या पुडीपर्यंत यायला कुणालाच फार त्रास होत नाही. त्याच्याही खाली जायचे तर लसूण, मिरी, लिंबू यांची मदत घ्यावी लागते.

सॉस असेल तर बाटलीतून थेट ओतायचे बंद करा आणि आधी चमच्यात घ्या. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाची मर्यादा. ‘कमी मिठाचा’ असे लिहिलेला सोया सॉससुद्धा चांगलाच खारट असतो, कारण तो कमी असतो तो त्याच्याच मूळ प्रकारापेक्षा. आकडा तिथेही वाचा.

डबाबंद राजमा, चणे, मका वापरत असाल तर डब्यातले पाणी ओतून टाका आणि दाणे नळाखाली धुऊन घ्या. एवढ्यानेच त्यातले ४० टक्क्यांच्या आसपास सोडियम वाहून जाते. मीठ कमी करायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. चिप्सच्या बाबतीत मोठा पुडा खोलीत आणायचाच नाही, हा एकच उपाय खऱ्या अर्थाने चालतो. टेबलाच्या खणात बिनमिठाचे शेंगदाणे किंवा बदाम आणि एखादे फळ ठेवा. रात्री दोन वाजता माणूस हाताला लागेल ते खातो.

चौथी पायरी: जिभेला वेळ द्या

अळणी जेवण कोणालाच फार दिवस गोड लागत नाही. म्हणूनच एकदम मीठ तोडणारे बहुतेक लोक दहा-बारा दिवसांत परत फिरतात. जीभ मात्र वळते, फक्त सावकाश. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तरुणांनी पाच महिने कमी सोडियमचे जेवण घेतले. महिने सरले तसे त्यांना पूर्वीपेक्षा कमी मिठाचे सूप आणि बिस्किटे जास्त आवडू लागली. मीठ मुकाट्याने कमी होऊ शकते याचा मोठा दाखला ब्रिटनचा आहे. तिथे २००३ पासून पुढे कारखान्यांनी ब्रेडसकट अनेक पदार्थांतले मीठ टप्प्याटप्प्याने उतरवले आणि २०११ पर्यंत लोकांचे सरासरी मीठ दिवसाला ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले.

तुमच्या खोलीतही हीच रीत वापरा. स्वतः शिजवत असाल तर मीठ हाताने न घालता मोजून घाला. आज एका भाजीला किती लागते ते चमच्याने मोजा आणि त्यातून दर दोन आठवड्यांनी थोडे, साधारण दहावा भाग, कमी करा. त्याच्या पुढचे पाऊल तेव्हाच टाका जेव्हा आताची चव नेहमीची वाटू लागेल. पहिला महिना कंटाळवाणा जातो हे खरे आहे. दोन-तीन महिन्यांनी जुने आवडते चिप्स तोंडात टाकलेत तर ते खारट लागतील.

शिजवताना थोडे मीठ शेवटी घालायला राखून ठेवा. पदार्थाच्या वरच्या थराला लागलेले मीठ जिभेला आधी कळते, त्यामुळे कमी मिठातही चव भरते. आंबटपणाने खारटपणाची उणीव बरीच झाकली जाते, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर हाताशी ठेवा. कांदा, टोमॅटो, मशरूम चांगले परतले की त्यांची स्वतःची भरदार चव उतरते आणि मीठ आपोआप कमी लागते. वाटणात किंवा तयार मसाल्यात आधीच मीठ असेल तर वरून आणखी घालण्याआधी चाखा.

पाचवी पायरी: मेस आणि कॅन्टीन

इथे तुमच्या हातात कमी असते. पण काहीच नसते असे नाही.

एकट्याने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. चाखल्याशिवाय मीठदाणीला हात लावू नका. अनेकजण सवयीनेच ताटावर मीठ भुरभुरतात. रस्सा किंवा ग्रेव्ही कमी घ्या, कारण मीठ त्यात उतरलेले असते. भात, सॅलड, दही, फळे यांसारख्या साध्या गोष्टी ताटात वाढवल्या की खारट पदार्थांना जागा कमी उरते. सॉस, ड्रेसिंग वेगळे मागा.

खरा बदल मात्र चौघांनी मिळून मागितला तरच होतो. मेस समिती असेल तर तिच्या बैठकीत हा विषय ठेवा. ‘मीठ कमी करा’ एवढेच म्हटले तर स्वयंपाकघरातल्या माणसांना ते त्यांच्या हाताच्या चवीवर बोट ठेवल्यासारखे वाटते, आणि तक्रारी त्यांनाच ऐकाव्या लागतात. त्यापेक्षा नेमके मागा. प्रत्येक मोठ्या भांड्याला मीठ वजनावर घालावे, अंदाजाने नको. महिन्याला थोडे उतरवावे आणि त्याचा गाजावाजा करू नये. टेबलांवरच्या मीठदाण्या उचलून एका कोपऱ्यात ठेवाव्यात, म्हणजे ज्याला हवे तो उठून घेईल. अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्समध्ये २०११ साली उपाहारगृहांच्या टेबलांवरून मीठदाण्या काढून मागितल्यावरच देण्याचा निर्णय झाला होता, तेव्हा ही मागणी काही जगावेगळी नाही. आहारशास्त्राचा विभाग विद्यापीठात असेल तर तिथल्या शिक्षकांना सोबत घ्या. आठवड्याच्या पदार्थांतले मीठ मोजून फलकावर लिहिणे हा त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

काही समज

गुलाबी मीठ, समुद्री मीठ, सैंधव या सगळ्यांत वजनास वजन जवळजवळ तेवढेच सोडियम असते. त्यांतली क्षारांची मात्रा इतकी किरकोळ असते की तिच्यासाठी मीठ खाण्यात अर्थ नाही. उलट यांतल्या अनेकांत आयोडीन मिसळलेले नसते. मीठ कमी करा, पण जेवढे घ्याल ते आयोडीनयुक्त घ्या.

भरपूर पाणी प्यायले की जास्तीचे मीठ धुऊन जाते, हा भरवसा धरू नका. खारट खाल्ल्यावर तहान लागतेच, आणि ती गोड शीतपेयाने भागवली तर साखरेचा भार वेगळा पडतो.

पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ मिळते, त्याची बाजू मजबूत आहे. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. ती माणसे मुख्यतः वयस्कर आणि रक्तदाबाचा किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेली होती, हे लक्षात ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा शरीरात पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

कोणी आधी विचारून घ्यावे

ज्यांना उभे राहिल्यावर चक्कर येण्याच्या विकारासाठी डॉक्टरांनीच जास्त मीठ सांगितले आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा. लिथियमचे औषध चालू असणाऱ्यांनी मिठात अचानक बदल करू नये, कारण सोडियम घटले की रक्तातले लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. रोज तासन् तास घाम गाळणाऱ्या खेळाडूंनी प्रशिक्षकाशी किंवा डॉक्टरांशी बोलून घ्यावे. रोज अर्धा तास पळणाऱ्याला मात्र वेगळ्या मिठाची गरज नसते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ज्यांना खाण्याच्या आकड्यांचा पूर्वी त्रास झाला आहे, जेवण टाळणे किंवा मोजून मोजून खाणे यातून जे गेले आहेत, त्यांनी वही आणि पाकिटांचे हिशेब करू नयेत. नूडल्सची अर्धी पुडी, बिनमिठाचे दाणे, ताटात एक फळ इतकेच करा. त्यानेही पुष्कळ होते.

मोजायचे काय आणि कधी

वजनावरून काही ठरवू नका. मीठ कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात किलो-अर्धा किलो कमी झाल्यासारखे दिसते, ते पाणी असते. मोजायचा तो रक्तदाब. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात तो मोजून मिळतो का ते विचारा आणि सुरुवातीलाच एकदा मोजून ठेवा. मोजण्याआधी अर्धा तास कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवा, मोजताना बोलू नका. दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा तसेच करा.

वरचा आकडा १२० च्या आणि खालचा ८० च्या आत असेल तर ठीक. एखाद्या वेळी जास्त आला म्हणून घाबरायचे कारण नाही. जागरण, ताण, धावत जिना चढून येणे यानेही तो वाढतो. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढेच येत राहिला तर वय वीस असले तरी डॉक्टरांना दाखवा आणि चार दिवसांची वही सोबत न्या. काय खाता हे डॉक्टर विचारतीलच.